सराफ्याजवळचे जुन्या नाण्यांचे दुकान: पन्नास वर्षांपासूनच्या गिऱ्हाइकाचा अभिप्राय

छत्रपती संभाजीनगरच्या सिटी चौकातून शहागंजच्या घड्याळाकडे जाताना जो सराफा लागतो, त्याच्या आजूबाजूला अनेक बोळ फुटतात आणि त्यांतल्या एका बोळात जुनी नाणी, नोटा आणि टपाल तिकिटे विकणारे एक दुकान आहे. दुकानावर पाटी नाही. मालकांनी नाव छापू नये अशी विनंती केली असल्यामुळे मीही ते येथे देत नाही. सराफ्यात कोणालाही ‘सिक्केवाले चाचा’ कुठे बसतात असे विचारले तर तो हातातले काम न थांबवता बोट दाखवतो. मी सेलूचा, निवृत्त शिक्षक, आणि या दुकानाचे 1974 पासूनचे गिऱ्हाईक आहे. मध्ये दहा-बारा वर्षांचा खंड पडला, तो वजा केला तरी एखाद्या दुकानाविषयी मत देण्याइतका हा काळ पुरेसा आहे. अडचण आहे ती दुसरीच. इतक्या वर्षांत दुकान फारसे बदललेले नाही. गल्ल्यावर वडिलांच्या जागी मुलगा आला, पण तबके तीच आहेत आणि बोळातून येणारा उजेडही तेवढाच आहे. बदललो तो मी. तेराव्या वर्षी येथे मला जे हवे होते ते तिशीत नकोसे झाले, आणि तिशीत जे जिवापाड जमवले ते साठीच्या उंबरठ्यावर मी स्वतःच पिशवीत भरून परत विकायला आणले. म्हणून हा एका दुकानाविषयी तीन निरनिराळ्या गिऱ्हाइकांनी दिलेला अभिप्राय आहे असे समजून वाचावा.

दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील एवढीच दुकानाची रुंदी आहे. समोर काचेची पेटी आणि तिच्यात निळ्या मखमलीची चार तबके आहेत: एकात निजामाची, म्हणजे हाली नाणी, दुसऱ्यात इंग्रजांची, तिसऱ्यात स्वातंत्र्यानंतरची, आणि चौथ्यात ज्यांची ओळख पटलेली नाही किंवा पटवून घ्यायला कोणाला सवड झालेली नाही अशी. तिकिटांच्या वह्या मागच्या फळीवर असतात. पेटीच्या उजव्या अंगाला, दाराच्या उजेडात, जमिनीवर एक पत्र्याचे खोके ठेवलेले आहे आणि त्याच्यापुढे बसायला एक लाकडी पाट आहे. या खोक्यातली कोणतीही वस्तू दहा रुपयांना मिळते. भिंतीवर राम, सीता आणि हनुमान यांची छबी, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि 1818 हे साल असलेले एक मोठे तांब्याचे नाणे चक्क खिळा मारून ठोकलेले आहे आणि त्याखाली हाताने लिहिले आहे: ‘ये असली नहीं है. हम लेते नहीं, बेचते भी नहीं.’ त्या साली कंपनीने राम-सीतेची अशी नाणी चलनात आणलेली नव्हती. ही नाणी मागाहून कोणीतरी देवघरासाठी किंवा भोळ्या माणसाला गाठण्यासाठी बनवलेली आहेत, आणि आमच्या भागात दर दोन-चार गावांमागे एखाद्या घरी असे नाणे लाखांचे म्हणून फडक्यात बांधून ठेवलेले असते. आरपार खिळा गेलेले ते नाणे पाहिले की माणसे मुकाट्याने आपले फडके पुन्हा खिशात घालतात. त्याच्या शेजारी अलीकडे आणखी एक कागद चिकटवला आहे: वैष्णोदेवीच्या छबीचे पाच आणि दहा रुपयांचे नाणे येथे विकत घेतले जात नाही. ही नाणी खरी आहेत, 2012 साली निघालेली आहेत, पण त्यांना लाखो रुपये मिळतात ही बातमी मोबाइलवरून पसरलेली आहे. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या नावाखाली आगाऊ शुल्क मागणाऱ्या भामट्यांपासून सावध राहा, असे रिझर्व्ह बँकेला 2021 साली जाहीरपणे सांगावे लागले, ते याच प्रकारामुळे.

पहिल्यांदा आलो तेव्हा आजोबांना घाटीच्या दवाखान्यात दाखल केलेले होते आणि वडील औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन फिरत होते, म्हणून मला शहरातल्या मामांकडे ठेवले होते. गावी आम्ही मुले काडेपेटीचे छाप, सोडावॉटरचे बिल्ले आणि विडीच्या कट्ट्यांवरचे कागद जमवत असू, आणि त्यात सारा मान संख्येला होता. दोनशे छापवाला दीडशेवाल्यापेक्षा थोर, मग त्याच्या दोनशेंत एकच वाघ चाळीस वेळा का असेना. मामांचा मुलगा मात्र परदेशी तिकिटे जमवत असे. त्याने मला या दुकानात आणले आणि शंभर तिकिटांचे एक पारदर्शक पाकीट दाखवले. माझ्या खिशात निघताना आजीने दिलेला एक चांदीचा रुपया होता. तो देताना ती म्हणाली होती, ‘हाली हाय, कलदार न्हाई. अडलं तरच मोड.’ कलदार म्हणजे इंग्रजी रुपया. हाली नाणे त्याच्या पंधरा वर्षे आधी, 1959 मध्येच चलनातून गेलेले होते, पण आजीच्या हिशेबातून ते गेलेले नव्हते. मी तो रुपया पेटीवर ठेवला. चाचांच्या वडिलांनी तो तोलला, त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने हिशेब केला, पाकिटाचे पैसे कापून घेतले आणि उरलेले साडेतीन रुपये माझ्या हातावर ठेवले. व्यवहारात खोट नव्हती. तरीही तेरा वर्षांच्या मुलाकडून, सोबत वडीलधारे कोणी नसताना, चांदी विकत घेऊ नये असे मला आज वाटते, आणि हे मी चाचांना बोलूनही दाखवले. त्यांनी ते मान्य केले. हल्ली या दुकानात मुलांना हवे ते विकत घेता येते, पण मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय त्यांच्याकडून काही विकत घेतले जात नाही.

त्या पाकिटाने मात्र मला दोन वर्षे झोपू दिले नाही. त्यातल्या सर्वांत देखण्या तिकिटांवर ‘मॅग्यार पोस्टा’ असे लिहिलेले होते: घोडे, फुलपाखरे, अंतराळवीर, फुटबॉल, काही तर त्रिकोणी. शाळेचा नकाशासंग्रह आम्ही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पालथा घातला, पण मॅग्यार नावाचा देश सापडला नाही. हेल्व्हेशिया नावाचाही सापडला नाही आणि सुओमीही नाही. अखेर परभणीहून बदलून आलेल्या एका शिक्षकांनी सांगितले की हंगेरी, स्वित्झर्लंड आणि फिनलंड हे देश आपल्या तिकिटांवर ही नावे छापतात. पुढे मी भूगोल शिकवायला घेतला त्याचे मूळ या पाकिटात आहे असे मी म्हणतो तेव्हा घरचे लोक हसतात, पण ते खरे आहे. पंचविशीत मला दुसरी गोष्ट समजली, तीही याच दुकानात. त्या तिकिटांवर शिक्का होता, पण तो प्रत्येकाच्या अगदी कोपऱ्यात, सुबकपणे बसवलेला होता, आणि उलटून पाहिले तर मागचा डिंक जसाच्या तसा होता. म्हणजे ती तिकिटे कधी पत्रावर चढलीच नव्हती. छापखान्यातून निघाल्यावर अख्खे ताव शिक्का मारून जगभरच्या पोरांसाठी पाकिटांत भरलेले होते. मला तेव्हा फसवले गेल्याचा राग आला होता. आज येत नाही, परंतु या दुकानातल्या तिकिटांच्या वह्या चाळणाऱ्याने कागद उलटून डिंक पाहावा, एवढे सांगून ठेवतो.

नोकरी 1985 साली लागली आणि हाती पगार आला तेव्हा संख्येचा सोस संपून दुर्मिळपणाचा सुरू झाला. या वयातल्या गिऱ्हाइकाला हे दुकान कसे वाटते, तर अपुरे वाटते. मला करकरीत, हात न लागलेले नाणे हवे असे आणि चाचांच्या वडिलांकडे यायचा तो बहुतेक माल बाजारहाटात झिजलेला असे. मग मी स्वतःच शोध सुरू केला. नाण्यावरच्या सालाखाली छोटी खूण असते: हिऱ्याच्या आकाराची असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबादची, ठिपका असेल तर नोएडाची, काहीच नसेल तर कोलकात्याची. एवढे ज्ञान झाल्यावर माणूस कामातून जातो. मी बँकेतून सुट्ट्या पैशांच्या थैल्या आणून रात्री अंथरुणावर पसरत असे आणि सौभाग्यवती विचारत, ‘पगार मोजायला इतका वेळ लागतो का हो?’ वीस पैशांचे पितळी रंगाचे, कमळाचे नाणे मी असे साठ-सत्तर जमवले होते, कारण त्यात सोने आहे अशी आवई आमच्या गावात लहानपणी उठली होती आणि मोठेपणी ती खोटी आहे हे कळूनही हात मागे येत नव्हता. इंदिराजींच्या, नेहरूंच्या, आशियाई क्रीडास्पर्धेच्या स्मारक-नाण्यांचे संचही घेतले. चाचांच्या वडिलांनी त्या वेळी मला दोनदा सांगितले होते की हा माल ठेवून वाढणारा नाही, हौस म्हणून घेत असाल तर घ्या. मी ते दुकानदाराचे नेहमीचे बोलणे समजलो.

याच काळातली एक तक्रार नोंदवतो. मी इंग्रजी अमदानीचा एक राणीछाप रुपया घेतला होता, जो दिसायला सुरेख होता. दोन महिन्यांनी घरी भिंगातून पाहताना काठावर, राणीच्या मुकुटाच्या वर, कानशीने घासल्याचा बारीक डाग दिसला. आमच्याकडे चांदीचे रुपये कडी जोडून गळ्यात घालण्याची रीत होती; बंजारा स्त्रियांच्या अलंकारांत तर अशी नाणी ओळीने असत, आणि घर अडचणीत आले की तो दागिना सराफाकडे येई. सराफ कडी काढतो, जागा घासून सारखी करतो, आणि नाणे संग्राहकाच्या लेखी चांदीच्या मोलाचे उरते. ही गोष्ट विकताना सांगायला हवी होती, पण सांगितली नाही. मी परत घेऊन गेलो तेव्हा त्यांनी वाद न घालता पूर्ण पैसे परत केले, पण ‘चूक झाली’ एवढे दोन शब्द मात्र उच्चारले नाहीत. आज चाचा अशी नाणी वेगळ्या वाटीत ठेवतात आणि वाटीवर ‘कडीवाले’ असे लिहिलेले असते. गंमत अशी की त्या वाटीत हात घालणारा हल्ली मीच असतो.

मी 2019 साली निवृत्त झालो, घर लहान केले, आणि कपाटातला साठा पुढे आला. मुलांना त्यात गोडी नव्हती आणि असावी अशी सक्तीही नव्हती. जुन्या वस्तूंचे दुकान कसे आहे हे माणसाने तेथे खरेदी करताना ठरवू नये, विकायला जाताना ठरवावे, असे माझे मत या प्रसंगानंतर झाले आहे, कारण घेताना प्रत्येक दुकानदार वस्तूचे गुण सांगतो आणि परत देताना तीच वस्तू एकाएकी सामान्य होते. या दुकानाचा जुना नियम असा की येथून घेतलेली वस्तू येथे परत घेतली जाते आणि त्या दिवशी तिची जी विक्रीची किंमत असेल तिच्या तीन चतुर्थांश रक्कम दिली जाते. मी साडेतीन किलोंची पिशवी पेटीवर ठेवली. चाचांनी पाऊण तास लावून ती निवडली. 1969 चे गांधीजींचे दहा रुपयांचे नाणे, ज्यात ऐंशी टक्के चांदी आहे, ते बाजूला काढले. 1950 आणि 1954 चे शुद्ध निकेलचे रुपये लोहचुंबकाला लावून पाहिले आणि घेतले. चांगल्या स्थितीतली स्मारक-नाणी मोजकी घेतली आणि उरलेला ढीग माझ्याकडे सरकवून म्हणाले, ‘गुरुजी, ये माल बँक का है, मेरा नहीं.’ रुपया-दोन रुपयांपुरते ते बरोबर होते. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी मात्र 30 जून 2011 नंतर चलनातच नाहीत, तेव्हा माझी कमळे ना बँकेची, ना चाचांची. प्रत्येक नाणे का नको हे त्यांनी सांगितले आणि जे घेतले त्याचा भाव वहीत लिहून दाखवला. तीस वर्षांच्या छंदाचे माझ्या हाती आले ते एका महिन्याच्या किराण्याएवढे पैसे. वाईट वाटले नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल, पण दोष देण्यासारखे दुकानाकडे काही नव्हते. त्यांच्या वडिलांनी हे मला फुकट सांगितलेले होते.

त्यानंतर मी तिसऱ्या प्रकारचे गिऱ्हाईक झालो आणि माझ्या मते हे दुकान खरे तर अशाच गिऱ्हाइकासाठी आहे. आता वर्षाकाठी दोन-तीन वस्तू घेतो, आणि त्याही सेलूहून सकाळी निघून संध्याकाळपर्यंत परतता येईल एवढ्या टापूतल्या. हालीचे तबक ही या दुकानाची सर्वांत बळकट बाजू आहे. चारमिनारच्या छापाच्या रुपयावर मधल्या कमानीत एक फारसी अक्षर असते: ते ‘मीम’ असेल तर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीचा रुपया, ‘ऐन’ असेल तर 1911 साली गादीवर आलेल्या उस्मान अली खान यांचा. साल हिजरी असते आणि तेही फारसी अंकांत. 1343 वाचता आले तर ते 1924-25 हे इसवी सन आहे एवढा हिशेब चाचा तोंडी करून देतात. भोवती निजाम-उल-मुल्क आसफ जाह बहादूर ही अक्षरे आणि 92 हा आकडा असतो. अबजद पद्धतीने प्रत्येक अक्षराला जो अंक ठरलेला आहे, त्याप्रमाणे पैगंबरांच्या नावातल्या अक्षरांची ती बेरीज आहे. हे मला कोणत्याही पुस्तकाने नव्हे, तर या पेटीच्या काचेवर बोटाने आकडे मांडत चाचांनी शिकवले.

आजीच्या ‘हाली हाय, कलदार न्हाई’ या वाक्याचा अर्थही त्यांच्या तराजूवर उलगडला. लहानपणापासून ऐकत आलो होतो की सात हालीला सहा कलदार मिळत, आणि मला वाटे की हा इंग्रजांचा जुलमी बट्टा असावा. चाचांनी दोन्ही रुपये तोलले. कलदार 11.66 ग्रॅम भरला. तो बरोबर एक तोळा असल्यामुळे जुने सराफ वजन म्हणून तोच तराजूत टाकत. त्यात चांदी शेकडा 91.7. हाली रुपया 11.2 ग्रॅमच्या आत-बाहेर, आणि त्यात चांदी शेकडा 81.8. गुणाकार केला तर कलदारात सुमारे 10.7 ग्रॅम चांदी निघते आणि हालीत सुमारे 9.1. आता 9.1 ला सातने आणि 10.7 ला सहाने गुणून पाहावे. दोन्ही उत्तरे 64 ग्रॅमच्या आसपास येतात. म्हणजे बट्टा नव्हता, चांदीचाच हिशेब होता. अर्थात हे जुन्या कलदाराचे झाले, 1940 पासूनच्या रुपयांत इंग्रजांनी चांदी निम्म्यावर आणली आणि 1947 चा रुपया तर निकेलचाच निघाला. त्यामुळे राजाछाप रुपया घेताना साल पाहिल्याशिवाय चांदीचा भाव देऊ नये. या दुकानात साल दाखवल्याशिवाय भाव सांगतच नाहीत, आणि सराफ्यातल्या किती दुकानांविषयी असे म्हणता येईल हे वाचकांनी आपल्या अनुभवावरून ठरवावे.

आवड बदलते म्हणजे केवळ नाण्याऐवजी तिकीट किंवा तिकिटाऐवजी पेन असे होत नाही, तर त्याच वस्तूत पाहायची जागा बदलते, हे मला अलीकडे जाणवते. तिशीत मला झीज हा दोष वाटे. आता मी झिजलेला हाली रुपया मुद्दाम मागतो, ज्याचे मिनार अंगठ्याखाली गुळगुळीत झाले आहेत, कारण ती झीज मोंढ्यावरच्या, बाजारातल्या आणि कनवटीच्या हातांनी केलेली असते. हे निवृत्तिवेतनाला मानवणारेही आहे, कारण झिजलेल्या नाण्याला चाचा चांदीच्या त्या दिवसाच्या भावावर अगदी थोडे चढवतात, तर करकरीत नाण्याला कित्येक पट सांगतात. तिकिटांचेही तसेच झाले. हैदराबाद संस्थानाने 1931 मध्ये चित्रांची एक मालिका काढली, तिच्यात आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार आणि एक रुपयावर दौलताबादचा विजयस्तंभ, म्हणजे आपला चांद मिनार आहे. पूर्वी मी ही तिकिटे कोरी शोधत होतो. आता शिक्का बसलेली शोधतो, आणि शिक्क्यावर परभणी किंवा जालना वाचता आले तर त्या दिवशी चहा माझ्याकडून. सव्वा वर्षात असा चहा एकदाच पाजावा लागला.

याहून जुन्या वस्तूंच्या बाबतीत दुकानाची वागणूक मला विशेष आवडते. पैठण, तेर, भोकरदन या भागांत पावसाळ्यानंतर शेतात सातवाहनांची शिशाची आणि मिश्रधातूची नाणी वर येतात, आणि मातीसकट रुमालात घेऊन येणारे तरुण या बोळापर्यंत पोहोचतात. चाचा ती घेत नाहीत. जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो असा 1878 चा कायदा आहे, आणि शंभर वर्षांपूर्वीची नाणी 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतात, ती देशाबाहेर नेता येत नाहीत. हे ते त्या मुलांना समजावून सांगतात. मी असे नाणे पाहायचे असेल तर तेरला जातो. तेथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या परिसरातून जमवलेल्या वस्तूंमधून उभे राहिलेले शासकीय संग्रहालय आहे. औरंगजेबाच्या काळात औरंगाबादच्या टांकसाळीचे नाव ‘खुजिस्ता बुनियाद’ असे नाण्यांवर येई. तसा एक रुपया चाचांकडे आहे, पण तो विकाऊ नाही. पाहायला मागितला तर ते हातावर ठेवतात, आणि माझ्यासारख्याने सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला की ओरडतात, ‘नक्को घिसो गुरुजी, इसका चेहरा चले जाता!’ नाणे चिंचेने, राखेने किंवा कोणत्याही पावडरीने उजळू नये, हा या दुकानाचा पहिला आणि एकमेव धर्म आहे.

आता उणिवा. तिकिटांचा विभाग ओसाड पडला आहे. वह्यांना कसर लागलेली आहे, आणि मी दोनदा सांगूनही डांबराच्या गोळ्यांपलीकडे उपाय झालेला नाही. नाणी ठेवण्यासाठी जे आल्बम येथे विकले जातात ते मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी प्लॅस्टिकचे आहेत. त्यात तांब्याची नाणी काही वर्षांनी हिरवी आणि चिकट होतात. माझी ढब्बू आणि भोकाच्या पैशांची पाने अशीच गेली. नाण्याविषयी इतका जपणारा माणूस हे आल्बम का विकतो हे मला न सुटलेले कोडे आहे. त्याऐवजी पुठ्ठ्याच्या चौकटीत मायलरची, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरची, खिडकी असलेली पाकिटे मिळतात, ती शहरात शोधून घ्यावीत. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मागितल्यावर तिच्यावर ‘पुराना सिक्का, नग 1’ एवढेच लिहिलेले असते. साल आणि वजन लिहून द्या असा आग्रह धरावा. चौथ्या तबकातल्या वस्तूंचे भाव केवळ चाचांच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीवर ठरतात. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असते, इतर दिवशी अकराच्या आधी उघडत नाही, आणि रमजानमध्ये जायचे असल्यास आधी कोणाकडून तरी चौकशी करून घ्यावी. भिंग आपले आपण न्यावे. आणि बसायला जागा नाही. पासष्टीच्या आसपासच्या गिऱ्हाइकाला तासभर उभे राहावे लागणे हा मोठाच दोष आहे, विशेषतः बसण्याजोगा एक पाट तेथे असताना. परंतु तो पाट खोक्यापुढचा आहे आणि त्यावर मुलांखेरीज कोणी बसायचे नाही असा दंडक आहे.

माझी तिकिटांची वही मी पिशवीबरोबरच 2019 साली देऊन टाकली होती. तिला किंमत नव्हती, तेव्हा चाचांनी माझ्या संमतीने तिची पाने सुटी करून त्या दहा रुपयांच्या खोक्यात टाकली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी हालीच्या तबकावर वाकलेलो असताना एक दहा-अकरा वर्षांची मुलगी पाटावर बसून खोके उपसत होती आणि बाहेर तिची आई मोबाइलवर बोलत उभी होती. मुलीने एक त्रिकोणी तिकीट उजेडाला धरले आणि स्वतःशीच विचारले, ‘मॅग्यार कुठं असतं?’ मी शिक्षक. माझे तोंड उघडले होतेच. चाचांनी पेटीमागून मान हलवून मला नको म्हटले. तिने ते तिकीट बाजूला ठेवले, पुन्हा खोक्यात हात घातला, आणखी दोन तशीच काढली, मग हेल्व्हेशियाचे एक काढले आणि ते वाचताना कपाळाला आठ्या घातल्या. मी नीट दिसावे म्हणून एक पाऊल पुढे सरकलो, तशी ती मान वर न करता म्हणाली, ‘आजोबा, जरा सरका ना, उजेड अडतोय.’